घंटेचा नाद आणि त्याच्या वाटा

घंटेचा नाद हवेंतून आपल्या कानीं येतो, हें आज शाळेंतील मुलासही ठाऊक आहे. परंतु नादास हवेवांचून चालतें काय, आणि पाणी किंवा लोखंड यांतून तो कसा जातो, हें ठरविण्यास विद्वानांस जवळजवळ दोन शतकें लागलीं. त्या शोधाच्या इतिहासांत घंटा वारंवार येते. म्हणून ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत तो थोडक्यांत सांगावा, असें आम्हीं योजिलें आहे.

१६४० च्या सुमारास रोम शहरीं गास्पारो बेर्ती यांनीं शिशाची उंच नळी पाण्यानें भरून उभी केली. खालचें तोंड उघडतांच पाणी कांहींसें उतरलें व माथ्यावरील काचेच्या भांड्यांत पोकळी राहिली. ती खरोखर निर्वात आहे कीं नाहीं, याविषयीं मोठा वाद होता. परीक्षेसाठीं आंत घंटा बसविली होती. बाहेरून लोहचुंबकानें तिची हातोडी हलवितांच नाद ऐकूं आला! येशूसंघाचे विद्वान पुरोहित अथानासियस किर्खर यांनीं १६५० सालच्या आपल्या ग्रंथांत यावरून असें प्रतिपादिलें कीं, नाद आहे तेथें हवा असलीच पाहिजे. अर्थात् ती पोकळी निर्वात नव्हे.

पुढें १६६० सालीं रॉबर्ट बॉइल यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांनीं काचेच्या भांड्यांत दोऱ्यानें घड्याळ टांगून आंतील हवा उपसली, तेव्हां टिकटिक मंद होत होत ऐकूं येईनाशी झाली. येथें मऊ दोरा नाद बाहेर पोंचवूं शकला नाहीं. रोममध्यें मात्र घंटेच्या घट्ट आधारानें तो काचेपर्यंत नेला होता. म्हणजे घन पदार्थही नाद वाहतो.

किती वेगानें वाहतो? १८०८ सालीं पॅरिस येथें बिओ यांनीं ९५१ मीटर लांबीच्या लोखंडी नळाच्या एका टोंकावर आघात करविला. दुसऱ्या टोंकास एकाच आघाताचे दोन नाद आले: पहिला लोखंडांतून, दुसरा आंतील हवेंतून, मध्यें अडीच सेकंदांचें अंतर. १८२६ सालीं कोलादों व स्टुर्म यांनीं जिनीव्हा सरोवराच्या पाण्याखालीं घंटा वाजविली व त्याच क्षणीं वर दारू पेटविली. तेरा किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या नावेंतून उजेड व नाद यांमधील काळ मोजला. पाण्यांत नादाचा वेग सेकंदास १४३५ मीटर भरला. हवेंत तो सुमारें ३४० आहे, लोखंडाच्या कांबींत सुमारें ५०००.

जड पदार्थांत नाद जलद जातो, असें यावरून कोणी समजूं नये. शिसें लोखंडाहून जड, तरी त्याच्या कांबींत वेग सुमारें १२०० मीटरच आहे. दाबला गेलेला कण जितक्या जोरानें मूळ जागीं परततो, तितकी लहर वेगानें पुढें सरते. जडपणा उलट तिला मंदावतो. लोखंडाचा ताठपणा त्याच्या जडपणावर मात करितो. मऊ शिशास तें साधत नाहीं.

किर्खर यांस मिळालेली कानांची साक्ष खोटी नव्हती. घंटा वाजली होती व नादही आला होता. नादास एकच वाट आहे, हें गृहीत धरणें तेवढें चुकलें. खऱ्या साक्षीवरूनही चुकीचा निवाडा होऊं शकतो, म्हणून पुन्हां पुन्हां तपासून पाहावें, हाच या इतिहासाचा बोध होय.