घरगुती सागरी मत्स्यालयातील प्रोटीन स्किमर : एका उपकरणाच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

जिवंत प्रवाळांचे मत्स्यालय घरात सांभाळणे हा प्रामुख्याने युरोप व अमेरिकेतील मध्यमवर्गाने वाढविलेला छंद होय. तथापि, त्याच्या इतिहासाकडे केवळ छंदाचा इतिहास म्हणून पाहता येत नाही. काचेच्या टाकीतील प्रवाळे मेली की त्यांच्या जागी दुसरी प्रवाळे दीर्घकाळ समुद्रातूनच तोडून आणली जात. टाकीतील पाणी शुद्ध ठेवण्याचा प्रश्न अशा रीतीने प्रत्यक्ष प्रवाळभित्तींच्या अस्तित्वाशी जोडला गेला. या प्रश्नाला गेल्या पावणेदोनशे वर्षांत मिळालेली उत्तरे, त्यांपैकी प्रोटीन स्किमर या उपकरणाला लाभलेले महत्त्व आणि त्याची निवड कोणत्या निकषांवर होत गेली, यांचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

उपकरणाचे तत्त्व

माशांची विष्ठा, उरलेले अन्न व जीवांचे स्राव यांतून पाण्यात प्रथिने व तत्सम सेंद्रिय पदार्थ मिसळत असतात. यांपैकी अनेक पदार्थांच्या रेणूंचे एक टोक पाण्याला धरून राहते, तर दुसरे पाण्यापासून दूर जाऊ पाहते. असे रेणू हवा व पाणी यांच्या सीमेवर गोळा होतात. स्किमरच्या उभ्या नळकांड्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे सोडले म्हणजे ही सीमा अनेक पटींनी वाढते. रेणू बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि तपकिरी फेस अरुंद गळ्यातून चढून वरच्या भांड्यात साचतो. उसाच्या गुऱ्हाळात भेंडीचा चिकट रस घालून उकळत्या रसावर आलेली मळी झाऱ्याने काढतात, ती क्रिया हेतूच्या दृष्टीने याच जातीची आहे. फरक इतकाच की तेथे उष्णता काम करते, येथे हवा. खनिजे वेगळी करण्यासाठी फेसाचा वापर ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिलच्या खाणींत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सुरू झाला होता. समुद्राच्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळून मोठे होत नाहीत, म्हणून हे उपकरण खाऱ्या पाण्यात यशस्वी ठरते आणि गोड्या पाण्यात जवळजवळ निरुपयोगी होते. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर येणारा फेस हे त्याचेच नैसर्गिक रूप. आयुर्वेदातील ‘समुद्रफेन’ मात्र निराळा. ते माकुळवर्गीय प्राण्याचे कवच असते.

समतोलाची कल्पना आणि तिच्या मर्यादा

१८४६ मध्ये अ‍ॅना थिन या महिलेने इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही प्रवाळे लंडनमधील आपल्या घरी आणली. प्रारंभी त्या समुद्राचे पाणी वारंवार बदलीत. पुढे तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून त्यात हवा मिसळण्याचा उपाय त्यांनी योजिला, आणि हे काम घरातील मोलकरीण करी. सागरी मत्स्यालयाच्या तंत्रज्ञानाचा आरंभ अशा रीतीने एका अनामिक स्त्रीच्या श्रमातून झाला, याची दखल या विषयावरील लेखनात अभावानेच घेतली जाते. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी वनस्पती व प्राणी यांच्या परस्परपूरक समतोलाची कल्पना मांडली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ या ग्रंथाने हा छंद घरोघरी पोहोचविला.

समतोलाची कल्पना आकर्षक होती, परंतु ती बहुतेक घरांत टिकली नाही. थोडे प्राणी अधिक झाले किंवा एखादा प्राणी नजरेआड मेला की पाणी नासे, आणि रिकामी झालेली टाकी पुन्हा किनाऱ्यावरून भरली जाई. या छंदामुळे इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांमधली सृष्टी किती उजाड झाली, याची खंत गॉस यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी १९०७ मध्ये ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात व्यक्त केली आहे. पित्याच्या ग्रंथांचा हा परिणाम पुत्राने नोंदवावा, हे विशेष होय.

सार्वजनिक मत्स्यालयांनी वेगळा मार्ग स्वीकारला. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी हॅम्बर्ग (१८६४) व लंडनच्या क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथील मत्स्यालयांत टाक्यांखाली प्रशस्त अंधाऱ्या हौदाची योजना करून पाणी सतत खेळते ठेवले. आजच्या घरगुती टाकीखाली ज्या छोट्या टाकीत स्किमर ठेवतात, तिचे मूळ या हौदात शोधता येते.

गाळण ते फेस

विसाव्या शतकाच्या मध्यास जैविक गाळणीचा काळ आला. टाकीच्या तळाशी असलेल्या रेतीतून पाणी फिरविले की जिवाणू विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात, या ज्ञानाला स्टीफन स्पॉट यांच्या १९७० मधील ग्रंथाने शास्त्रीय बैठक दिली. मासे या पद्धतीने जगू लागले. प्रवाळे मात्र बहुधा जगत नसत. कारण घाण टाकीबाहेर जात नव्हती, केवळ तिचे रूप बदलत होते. साचत जाणाऱ्या नायट्रेट व फॉस्फेटमुळे शेवाळ माजे आणि फॉस्फेटमुळे प्रवाळांचा चुनखडी सांगाडा वाढण्यास अडथळा येई.

याच काळात जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात समुद्रातील जीवयुक्त खडक व हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालविण्याची पद्धत मांडली. स्वच्छ समुद्र हाताशी असलेल्या जाकार्तात ती साध्य होती. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जर्मन शहरांत नव्हती. तेथे पाण्याचा प्रत्येक थेंब मिठापासून तयार करावा लागे व तो वारंवार फेकून देणे परवडत नसे. स्किमरचा विकास जर्मनीत व्हावा, यामागे हे भौगोलिक कारण प्रबळ दिसते. १९६० च्या दशकात एर्विन सांडर यांनी घरगुती वापराचा स्किमर प्रचारात आणला. त्यात लिंडन वृक्षाच्या सच्छिद्र लाकडाच्या तुकड्यातून हवा सोडली जाई. बुडबुडे उत्तम बारीक येत, परंतु लाकूड काही आठवड्यांत चोंदून निकामी होई.

पुढे बर्लिनमधील छांदिष्टांनी जीवयुक्त खडक, प्रखर प्रकाश, चुन्याच्या निवळीतून कॅल्शियमचा पुरवठा आणि शक्तिशाली स्किमर यांची सांगड घातली. निवळीचा पुरस्कार पीटर विल्केन्स यांनी केला, तर डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टाकीत वाढलेल्या अक्रोपोरा प्रवाळाचे तुकडे युरोपभरच्या टाक्यांत पोहोचले. ही घटना वरकरणी लहान वाटते, परंतु वस्तुतः ती निर्णायक आहे. प्रवाळ टाकीत केवळ तग धरण्याऐवजी वाढू व वाटले जाऊ लागले, आणि समुद्रातून नवे तोडून आणण्याची अपरिहार्यता प्रथमच कमी झाली. जिवाणूंच्या हाती पडण्यापूर्वीच घाण बाहेर काढणे हे स्किमरचे खरे योगदान होते. अमेरिकेत १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेमुळे ठिबकत्या पाण्याच्या गाळणीचा बोलबाला झाला. १९९४ मध्ये डेलबीक व स्प्रंग यांच्या ‘द रीफ अ‍ॅक्वेरियम’च्या पहिल्या खंडानंतर तेथेही बर्लिन पद्धतीला मान्यता मिळाली.

विरोध नव्हता असे नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर अ‍ॅडी यांच्या मते स्किमर घाणीबरोबर प्रवाळांचे अन्न असलेले सूक्ष्म प्लवकही काढून टाकतो, म्हणून ते काम शेवाळाच्या पट्ट्यांकडून करून घ्यावे. हा आक्षेप गंभीर होता. घरगुती टाक्यांत बर्लिन पद्धतीचा प्रसार अधिक झाला, तो अ‍ॅडी खोडले गेले म्हणून नव्हे, तर तिची उपकरणे बाजारात सहज मिळत म्हणून.

प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने ‘साइट्स’ कराराच्या नियंत्रणाखाली आला. भारतात २००१ मध्ये भित्ती बांधणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट झाल्याने आपल्या किनाऱ्यावरून ती उचलणे गंभीर गुन्हा ठरले.

निवडीचे निकष

१९९० च्या दशकापासून खरेदीदारापुढे पर्यायांची गर्दी झाली. व्हेंच्युरी नळीत पाण्याचा वेगच हवा ओढून घेई. हे तत्त्व इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी यांनी १७९७ मध्ये वर्णिलेल्या निरीक्षणांवर आधारलेले आहे. बागेतील कारंजासाठी बनविलेल्या बेकेट तोटीचा वापर हा त्यापुढचा प्रकार. त्यानंतर पंपाच्या फिरत्या चक्रावर सुयांसारखे खुंट बसवून हवेचे बारीक तुकडे करणारी रचना आली आणि कमी विजेत भरपूर हवा देत असल्याने घरगुती वापरात तीच रूढ झाली. प्रत्येक उत्पादक आपला स्किमर अमुक लिटरच्या टाकीस पुरेसा असल्याचे सांगे, पण त्या आकड्यामागे कोणतेही समान परिमाण नव्हते. एकाच आकाराच्या टाकीत दोन मासे आहेत की वीस, यावर फेसाचे प्रमाण ठरते, ही साधी गोष्टही जाहिरातीत नसे.

२००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक केनेथ फेल्डमन यांनी या दाव्यांची मोजदाद केली. भिन्न रचनांचे व भिन्न किमतींचे स्किमर त्यांनी तपासले. पाण्यातील एकूण सेंद्रिय कर्बापैकी सुमारे २० ते ३० टक्केच भाग स्किमर काढू शकतो, उरलेला पाण्यातच राहतो आणि रचनांमधील फरक जाहिरातींवरून वाटतो तितका मोठा नाही, असे त्यांना आढळले. २०१० मध्ये भांड्यातील गाळाचे पृथक्करण झाले, तेव्हा त्याच्या घनभागात कॅल्शियम व मॅग्नेशियमची कार्बोनेटे आणि सिलिका यांचेच प्रमाण मोठे असल्याचे दिसले. काळपट दुर्गंधीयुक्त द्रव म्हणजे स्किमरच्या कर्तबगारीचा पुरावा, हा दीर्घकाळचा समज त्यामुळे डळमळीत झाला. एकूण सेंद्रिय कर्ब हे मात्र एकच परिमाण आहे, आणि वाढती प्रवाळे हे बर्लिनकरांचे परिमाण त्याने रद्द होत नाही.

या पार्श्वभूमीवर स्किमर निवडताना रचनेच्या नावापेक्षा इतर बाबी अधिक वजनदार ठरतात. टाकीच्या लिटरांऐवजी तीत रोज पडणाऱ्या अन्नाचा विचार आधी करावा लागतो. फार मोठ्या स्किमरच्या रुंद गळ्यात थोड्या घाणीचा फेस चढतच नाही, म्हणून ‘जितका मोठा तितका चांगला’ हा विक्रेत्यांचा सल्ला लहान टाकीस घातक ठरतो. खालच्या टाकीतील पाण्याची पातळी स्थिर राहील अशी व्यवस्था हवी, कारण दोन-तीन सेंटिमीटरच्या चढउताराने फेस एक तर वाहून जातो किंवा बसतो. पंप रात्रंदिवस चालतो, त्यामुळे वीज व आवाज यांचाही हिशेब करावा लागतो. गळ्याच्या आतील बाजूस जमणारा तेलकट थर फेस मोडतो, तो दर काही दिवसांनी पुसावाच लागतो. म्हणून ज्या स्किमरचे भांडे व गळा एका हाताने सहज सुटून नळाखाली धुता येतात, तो अधिक महाग पण खोलण्यास अवघड अशा स्किमरपेक्षा प्रत्यक्षात अधिक घाण बाहेर काढतो.