हाडांनी दिलेली साक्ष

१/ हाडातील कॅल्शियम क्ष-किरणांना अडवते. म्हणून निरोगी जबडा क्ष-किरण चित्रात पांढरा दिसतो. जेथे हाड झिजून विरळ होते, तेथे काळसर छटा येते. १८९५ मध्ये रॉन्टगेन यांनी हे किरण शोधले आणि काही आठवड्यांतच दातांची चित्रे घेतली जाऊ लागली.

२/ पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, ऑरेंज येथे, घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग देणाऱ्या तरुणींचे दात पडू लागले, जबडे कुजू लागले. कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्यास त्यांना कामावरच शिकवले होते.

३/ रेडियमचे गुणधर्म कॅल्शियमसारखे. त्यामुळे शरीर ते हाडांत साठवते. क्ष-किरण चित्र हाडाचा क्षय दाखवी, त्याचे कारण नव्हे. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे दंतशल्यविशारद थिओडोर ब्लम यांनी या व्याधीला ‘रेडियम जबडा’ म्हटले. कंपनीने जबाबदारी नाकारली.

४/ अमेलिया मॅगिया ही कामगार तरुणी १९२२ मध्ये वारली होती. मृत्यूचे कारण उपदंश असे नोंदवले गेले. १९२७ मध्ये तिचा देह थडग्यातून काढून तपासला. उपदंशाची खूण आढळली नाही. तिची हाडे अंधाऱ्या खोलीत फिल्मवर ठेवली, तेव्हा क्ष-किरण यंत्राशिवायच फिल्मवर त्यांची आकृती उमटली. किरण हाडांतूनच येत होते.

५/ १९२८ मध्ये दावा लावणाऱ्या पाच स्त्रियांशी तडजोड झाली : प्रत्येकी १०,००० डॉलर, वार्षिक ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च. त्या पाचांत अमेलियाच्या दोन सख्ख्या बहिणी होत्या.