वाहनचालकावरील ताण

रस्ता, रहदारी, वेळेचे बंधन आणि नोकरीच्या अटी यांचा एकत्रित भार झेपेनासा झाला म्हणजे चालकाच्या मनात व शरीरात जी अस्वस्थता निर्माण होते, तिला चालकताण म्हणतात. थकवा विश्रांतीने बराचसा उतरतो. ताण मात्र गाडी सुरू होण्यापूर्वीच घरच्या विवंचनेतून किंवा मालकाच्या तगाद्यातून आलेला असू शकतो. ब्रिटनमधील ई. ग्युलियन, जी. मॅथ्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या ताणाची अंगे प्रश्नावलीच्या साहाय्याने वेगळी केली. आक्रमकता, वाहन चालवण्याविषयीची नावड, ओव्हरटेक करताना होणारी चिडचिड आणि अतिसावधपणा ही त्यांतील काही होत.

ताणाच्या स्थितीत ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि अवधान आकुंचित होऊन नजर समोरच्याच वाहनावर खिळते, त्यामुळे आरशात दिसणारी दुचाकी किंवा कडेने येणारा पादचारी निसटतो. ताशी १०० किमी वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते, हे लक्षात घेता क्षणभराच्या या दुर्लक्षाची किंमत कळते. अर्थात सर्वच उत्तेजन घातक नसते. मध्यम उत्तेजनात कामगिरी सर्वोत्तम होते आणि त्याहून कमी वा अधिक उत्तेजनात ती घसरते, असे सांगणारा नियम १९०८ च्या यर्क्स-डॉडसन प्रयोगाशी जोडला जातो (तो प्रयोग उंदरांवरचा होता, तेव्हा चालकांना तो जपूनच लावावा). मुंबईच्या कोंडीत किंवा घाटात उत्तेजन अतिरेकी होते, तर ७०१ किमी लांबीच्या समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर ते इतके मंदावते की डोळे उघडे असूनही भान हरपते. या अवस्थेला महामार्ग संमोहन म्हणतात.

व्यावसायिक चालकांच्या बाबतीत मूळ प्रश्न स्वभावाचा नसून कामाच्या रचनेचा आहे. जेथे मोबदला फेरीवर ठरतो, तेथे विश्रांती म्हणजे बुडालेली कमाई असते. भारतात १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने तिलाच आधार मानले. युरोपीय संघात साडेचार तासांच्या चालनानंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असून तिची नोंद वाहनातील टॅकोग्राफ हे यंत्र ठेवते. भारतातील मर्यादेला अशा यांत्रिक नोंदीची जोड सर्रास नसल्याने ती बहुतांशी कागदावरच राहते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. या अहवालांत नियमभंगाचे वर्गीकरण अतिवेग, मद्यपान, उलट दिशेने वाहन चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइलचा वापर असे केलेले असते. ताणाला त्यात स्वतंत्र रकाना नसल्याने त्यातून घडलेले अपघात अतिवेगाच्या किंवा ‘इतर’च्या खाती जमा होतात.