परवानगीविना निघालेला शिपाई आणि परतीची वाट : चांदा १८५८ ते गडचिरोली २०२५

२१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबूराव शेडमाके यांना फाशी देण्यात आली. १ नोव्हेंबरला, म्हणजे त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, अलाहाबादेत लॉर्ड कॅनिंगने व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचून दाखवला. शस्त्र टाकून घरी परतणाऱ्यांना त्यात माफी होती. या दोन तारखा सहसा एकत्र वाचल्या जात नाहीत. एकत्र वाचल्या की एक जुना प्रश्न समोर येतो: सशस्त्र दलातून, किंवा अर्ध्या तालमीतून, कोणाला न विचारता निघालेला माणूस परत कोणाकडे आणि कसा येऊ शकतो? आजचा धागा त्याविषयी.

सुरुवात शिपायांपासून. १८५७च्या उन्हाळ्यात उत्तर हिंदुस्थानातील अनेक पलटणी फुटल्या. पलटण सोडून निघालेला प्रत्येक शिपाई लढायला निघाला होता असे नाही. कोणी घाबरून गावाकडे वळला होता, तर कोणी आधीच रजेवर होता आणि परतायला त्याची पलटणच उरली नव्हती. रस्त्यात सापडलेल्या अशा शिपायांना मुलकी अधिकारी फारशी चौकशी न करता फासावर चढवीत होते. ३१ जुलै १८५७ रोजी कॅनिंगच्या सरकारने ठराव करून याला आवर घातला. ज्याच्या पलटणीने बंड केलेले नाही आणि जो निःशस्त्र सापडला आहे, त्याला केवळ फरारी म्हणून मुलकी अधिकाऱ्याने शिक्षा करू नये, लष्कराच्या हवाली करावे. पलटणीने बंड केले पण अधिकाऱ्यांचा खून केला नाही, तर निराळा न्याय. अधिकाऱ्यांना मारणाऱ्या पलटणीतील शिपायाला मात्र सवलत नाही. कलकत्त्याच्या इंग्रजांनी या ठरावावरून कॅनिंगला ‘क्लेमन्सी कॅनिंग’ असे हिणवले. दयाळूपणाची शिवी व्हावी, असा तो काळ होता.

पुढच्या वर्षीच्या जाहीरनाम्यात हीच प्रतवारी अधिक व्यापक झाली. ब्रिटिश प्रजेच्या खुनात ज्यांचा प्रत्यक्ष हात सिद्ध झाला, त्यांना माफी नाही. खुन्यांना जाणूनबुजून आसरा देणाऱ्यांना आणि बंडाच्या पुढाऱ्यांना फक्त जिवाची हमी. उरलेल्यांनी १ जानेवारीपूर्वी घरी परतून आपापल्या उद्योगाला लागावे, त्यांना बिनशर्त माफी.

आता चांद्याकडे. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि चांदा इंग्रजांच्या थेट अमलाखाली आला. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा याच मुलखाचा भाग होता आणि तो वेगळा झाला थेट २६ ऑगस्ट १९८२ रोजी. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव यांनी गोंड व रोहिल्यांची फौज उभी केली आणि मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यावर चाल केली. अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनच्या सैन्याशी चकमकी झडत राहिल्या. २९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. त्यात गार्टलंड आणि हॉल मारले गेले. त्यांचा सोबती पीटर निसटला आणि क्रिक्टनपर्यंत पोहोचला.

बाबूरावांच्या वाटेतले दार याच रात्री बंद झाले होते. फाशी अकरा दिवस लांबली असती, तरी जाहीरनाम्याच्या अपवादात ते पहिल्या प्रतीतच बसले असते. ‘अकरा दिवस उशीर झाला’ हे वाक्य ऐकायला हृदयद्रावक आहे, पण कागद तसे सांगत नाहीत. १८ सप्टेंबरला अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या माणसांनी बाबूरावांना पकडले आणि चांद्याला रवाना केले. क्रिक्टनने लक्ष्मीबाईंवर मोठा दबाव आणला होता. पुढे अडपल्ली व घोटची ६७ गावे त्यांना बक्षीस मिळाली. या बाईंवर फितुरीचा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्या मुलखात चार वर्षांपूर्वी एक अख्खे राज्य खालसा झाले, तिथे जमीनदारी राखणे म्हणजे काय, हेही लक्षात घ्यावे लागते.

व्यंकटराव बस्तरच्या जंगलात शिरले. १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना धरून इंग्रजांच्या स्वाधीन केले. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची आणि मालमत्तेच्या जप्तीची. पुढाऱ्याला जीव तेवढा मिळेल, हे जाहीरनाम्यातले दुसऱ्या प्रतीचे माप इथे जसेच्या तसे दिसते. फौजेतल्या साध्या गोंड शिपायाला तिसरे माप लागू होते: घरी जा, शेती कर. मात्र राणीचे ते शब्द त्याच्या पाड्यापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचायला हवे होते.

हेतू, हातातले शस्त्र आणि स्वतःहून परतणे या तीन गोष्टींवरची प्रतवारी स्वतंत्र भारताच्या कायद्यातही आहे. लष्कर अधिनियम, १९५० मध्ये कलम ३८ पलायनाचे आणि कलम ३९ विनापरवाना गैरहजेरीचे. प्रत्यक्ष युद्धसेवेत पलायन केल्यास देहदंडापर्यंत, एरवी सात वर्षांपर्यंत कैद. गैरहजेरीला तीन वर्षांपर्यंत. दोहोंतला फरक किती दिवस बाहेर होता यापेक्षा परतण्याचा इरादा होता की नाही, यावर ठरतो. कामठीच्या किंवा बेळगावच्या केंद्रातून एखादा रंगरूट धास्तीने वा घरच्या ओढीने निघून आला, तर कलम १०६ त्याच्यासाठी महत्त्वाचे. तीस दिवसांच्या गैरहजेरीनंतर चौकशी न्यायालय बसते, त्याची गैरहजेरी नोंदवते, आणि त्यानंतरही तो हजर झाला नाही वा सापडला नाही तर त्याला फरारी मानले जाते. कलम १०५ खाली पोलीस त्याला वॉरंटाविना पकडू शकतात. वर्षे उलटली म्हणून प्रकरण मिटतही नाही, कारण खटल्याची तीन वर्षांची सर्वसाधारण मुदत पलायनाच्या गुन्ह्याला लागू नाही. म्हणून घरी लपून बसणे हा सर्वांत वाईट मार्ग. आपल्याच पायांनी केंद्रात परतून कारण सांगणाऱ्याचा इरादा त्या परतण्यातूनच दिसतो.

जगातही हा फरक कसोशीने पाळला गेला आहे. २१ जानेवारी १९७७ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी व्हिएतनाम युद्धाची सक्तीची भरती चुकवणाऱ्यांना माफी दिली. गणवेश चढवून नंतर पळालेल्यांना मात्र त्या माफीत स्थान नव्हते.

चांद्याच्या जंगलात १९८० नंतर आणखी एक फौज आली. पीपल्स वॉरचा पेद्दी शंकर त्या वर्षी सिरोंचा भागात पोलिसांच्या गोळीला बळी पडला, तरी दलमे वाढत गेली. गावातल्या कोवळ्या वयाच्या मुलामुलींना आधी गाणी, मग निरोप पोहोचवणे, मग बंदूक, असा तालमीचा क्रम असे. इथून विनापरवाना निघणाऱ्याच्या मागे दोन न्यायालये लागत. सरकारदरबारी त्याच्या नावावर गुन्हे, आणि संघटनेच्या लेखी तो गद्दार. आत्मसमर्पण करून गावी परतलेल्यांच्याही हत्या झाल्या. कामठीचा रंगरूट घरी तरी जाऊ शकतो, दलममधून निघालेल्याला घर हीच सर्वांत धोक्याची जागा असे.

महाराष्ट्र सरकारचे आत्मसमर्पण धोरण २००५ पासून अमलात आले. हुद्द्यानुसार रक्कम, घर, रोजगार असे त्याचे स्वरूप. इथेही प्रतवारी आहेच, फक्त उलट्या दिशेने: १८५८ मध्ये पुढाऱ्याला कमी मिळत होते, आता मोठ्या हुद्द्याला मोठी रक्कम. साध्या सदस्याला हे खटकले तर नवल नाही. पण अनेकांना बाहेर खेचणारी गोष्ट रकमेपेक्षा निराळी होती. दलमात लग्नाला परवानगी लागे आणि लग्नापूर्वी पुरुषाला नसबंदी करून घ्यावी लागे. मूल हवे म्हणून रातोरात निघालेली जोडपी गडचिरोलीत आहेत. समर्पणानंतर अनेकांनी ती नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आहे.

१ जानेवारी २०२५ रोजी विमला सिडाम ऊर्फ तारक्का यांनी गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्र ठेवले. त्या याच जिल्ह्याच्या, आणि चार दशके जंगलात काढलेल्या. त्यांचे पती मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती पॉलिटब्युरोचे सदस्य. सशस्त्र लढा थांबवण्याची भाषा त्यांनी करताच संघटनेने त्यांना गद्दार ठरवले आणि शस्त्रे परत मागितली. परवानगीचा प्रश्न सर्वोच्च पातळीवरही सुटला नाही तो असा. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी ते साठ साथीदारांसह गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात आले.

अशा लोकांपैकी बरेच जण शाळेच्या वयात घरातून गेलेले असतात. त्यामुळे शस्त्र जमा झाल्यावरची कामे अगदी साधी असतात: आधार कार्ड काढणे, बँकेत खाते उघडणे, शिधापत्रिकेवर नाव चढवणे. जन्मतारीख कोणती लिहायची, यावरच कितीदा अर्ज अडतो.