गायिकांचीं चरित्रें व लोकप्रवाद

कोल्हापुरांत संगीतावर व्याख्यान देण्यास उभा राहणारा मनुष्य फारशी तयारी न करतांही एक तास सहज काढूं शकतो. शाहू छत्रपतींच्या पदरीं अल्लादियाखाँसाहेब होते, येवढें म्हटलें कीं श्रोते सरसावून बसतात. आणि पुढें केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या वैराची गोष्ट काढली कीं हंशा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोंचतो. चार वर्षांपूर्वीं येथील एका सभेंत आम्हीं हाच सोपा मार्ग धरिला. व्याख्यान रंगलें, असें आमचें मत झालें होतें. इतक्यांत एक वृद्ध बाई उठल्या व त्यांनीं शांतपणें विचारिलें, "त्या दोघी गात कशा होत्या, तें सांगायचें राहिलें का?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्यानंतर आम्हीं जें वाचलें व ऐकलें, त्यांतील कांहीं भाग येथें मांडीत आहों.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजीं गोव्यांत फोंडा तालुक्यांतील केरी या गांवीं झाला. वयाच्या आठव्या वर्षीं त्यांस कोल्हापुरास आणण्यांत आलें व येथें आठ महिने अब्दुल करीमखाँसाहेबांपाशीं त्यांचें शिक्षण झालें. पुढें गोव्यांत रामकृष्णबुवा वझे. मग मुंबईंत सतारिये बरकतुल्लाखाँ व भास्करबुवा बखले. आणि अखेर १९२१ सालीं अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा. आठव्या वर्षापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे एकवीस वर्षें, ही मुलगी विद्येच्या शोधांत एका दारावरून दुसऱ्या दारीं जात होती. एखाद्या पुरुष गवयाच्या चरित्रांत येवढा भाग आला असतां त्यास आपण तपश्चर्या म्हटलें असतें. बाईंच्या बाबतींत मात्र लोकांस तोंडपाठ आहे तें निराळेंच: त्यांची बिदागी, त्यांचा फटकळपणा, आणि शिकवणीचा पैसा कोणत्या शेठजीनें दिला तें.

या शेवटच्या गोष्टीपाशीं थोडें थांबलें पाहिजे. कारण लोकप्रवादाखालीं खरा इतिहास दडपून गेला आहे तो येथेंच. त्या काळीं ज्यास विद्या हवी त्यास गुरूच्या घरचा खर्च उचलावा लागे, आणि गुरु राजाश्रयास असेल तर ती गोष्ट अधिकच दुर्घट. मे १९२२ मध्यें शाहू महाराज निवर्तले. दरबारचा आधार असा तुटल्यावर उस्ताद मंडळींचा ओघ मुंबईच्या धनिकांकडे वळला, व गायनविद्या कराराची वस्तु झाली. देवालयांच्या सेवेंत वाढलेल्या गोमंतकीय कलावंत घराण्यांतील स्त्रीस स्वतःची इस्टेट नव्हती, दुसरा धंदा नव्हता, आणि विवाहित गृहिणीची प्रतिष्ठा तर समाजानें आधींच नाकारिली होती. तिला गाणें शिकावयाचें तर दुसऱ्या कोणाच्या थैलीचें तोंड सुटावें लागे. आणि ज्याची थैली त्याची अट.

मोगूबाईंची गोष्ट या अटीच्या दुसऱ्या बाजूची आहे. त्यांचा जन्म १९०४ सालचा, गांव गोव्यांतीलच कुर्डी. (हें गांव पुढें साळावली धरणाच्या पाण्याखालीं गेलें, उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे त्याचे अवशेष अद्याप वर येतात.) दहाव्या वर्षीं आई वारली. नाटकमंडळ्यांतून पोट भरीत ही मुलगी सांगलीस आली. तेथें खाँसाहेबांनीं तिचा आवाज ऐकिला व आपण होऊन शिकविण्यास आरंभ केला. पुढें खाँसाहेब मुंबईस गेले, तशा मोगूबाईही त्यांच्या मागोमाग गेल्या; परंतु तेथें ही शिकवणी बंद पडली. इतरांस शिकवूं नये असा आश्रयदात्यांचा आग्रह होता, असें सांगतात. मोगूबाई आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे गेल्या, खाँसाहेबांचे बंधु हैदरखाँ यांजपाशीं शिकल्या, आणि १९३४ सालीं खाँसाहेबांनीं त्यांस पुन्हां शिष्या म्हणून पत्करिलें.

आतां या हकीकतींत पैसा देणारे शेठजी आहेत, विद्या देणारे व थांबविणारे गुरु आहेत. आणि तरीही आपल्या तोंडीं ही गोष्ट 'दोन बायकांचें भांडण' म्हणून राहिली! थैली व विद्या ज्यांच्या हातीं होती ते पुरुष गोष्टींतून अलगद निसटले, आणि ज्या दोघींस त्या व्यवस्थेंत आपली जागा राखावयाची होती त्यांच्या माथीं मत्सराचा शिक्का बसला. दोघींमध्यें प्रेम होतें असें आम्ही म्हणत नाहीं, नसावेंच. परंतु एकाच विहिरीवर एकच दोर ठेवावयाचा आणि मग पाणी भरणाऱ्या बायका भांडतात म्हणून हंसावयाचें, हा न्याय आम्हांस पटत नाहीं. आम्हीं स्वतः तो अनेक वर्षें केला, हेंही येथें कबूल केलें पाहिजे.

हा प्रकार आपल्याकडचाच आहे असें मात्र नाहीं. अमेरिकेंतील नीग्रो समाजांत — हल्लीं त्यांस कृष्णवर्णीय म्हणतात व तेंच योग्य — ब्लूज नांवाच्या गीतप्रकाराची बेसी स्मिथ ही सर्वश्रेष्ठ गायिका होऊन गेली. १९२३ ते १९३३ या दहा वर्षांत तिनें सुमारें १६० गीतें मुद्रित केलीं. २६ सप्टेंबर १९३७ रोजीं मिसिसिपी संस्थानांत मोटारीच्या अपघातांत ती मृत्यु पावली. गोऱ्यांच्या रुग्णालयानें तिला दारांतून परत पाठविलें म्हणून ती गेली, अशी वार्ता लवकरच एका संगीतविषयक नियतकालिकांत छापून आली, आणि तीच रूढ झाली. वस्तुतः तिला क्लार्क्सडेल येथील कृष्णवर्णीयांच्याच रुग्णालयांत नेण्यांत आलें होतें. वार्ता पसरविणाऱ्यांचा हेतु दुष्ट नव्हता, आणि वर्णभेद तर खराच होता; म्हणून तर ती टिकली. एडवर्ड ऑल्बी या नाटककारानें पुढें तिच्या मृत्यूवर नाटक लिहिलें. त्या नाटकांत बेसी रंगभूमीवर येतच नाहीं! तिच्या मरणाची कथा देशभर झाली, आणि तिच्या थडग्यावर १९७० पर्यंत नांवाचा दगडसुद्धां नव्हता.

सहानुभूतीची वदंताही निंदेच्या वदंतेइतकीच गाणें झांकून टाकूं शकते, हें आम्हांस या हकीकतींत प्रथम दिसलें. मोगूबाईंच्या हालअपेष्टा, पतिनिधनानंतर तीन लहान मुलांचें पोषण, कार्यक्रम ठरविणाऱ्यांनीं दिलेली हलकी वागणूक, या सर्व गोष्टी खऱ्या आहेत. त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांनीं त्या जाहीरपणें सांगितल्या आहेत. परंतु केवळ त्याच सांगून थांबलों तर मोगूबाई ही एक सोशीक आई एवढीच उरते. लयीवर त्यांच्याइतकी सत्ता त्या काळीं फारच थोड्यांची होती, हें कोणीं सांगावयाचें? अवघड तालाच्या आवर्तनांत बोल कोठें पडेल याची ऐकणाऱ्यास धाकधूक वाटावी, आणि बाईंनीं मात्र घरचा उंबरठा ओलांडावा तितक्या सहजतेनें समेवर यावें! हें अंगीं येण्यास सोशीकपणा पुरत नाहीं. त्यास बुद्धि लागते.

केसरबाईंविषयीं तक्रार अशी कीं त्यांनीं विद्या कोणास दिली नाहीं व ध्वनिमुद्रिका देण्यांतही हात आंखडता घेतला. पण चिजा दडवून ठेवणाऱ्या उस्तादांच्या कथा आपण कौतुकानें सांगतों, व त्यास घराण्याच्या विद्येचें रक्षण म्हणतों. तेंच बाईंनीं केलें तर तो गर्व. शिवाय तक्रार पुरती खरीही नाहीं. कोल्हापुरच्या धोंडूताई कुलकर्णी येथें खाँसाहेबांचे पुत्र भूर्जीखाँ यांजपाशीं शिकल्या होत्या. भूर्जीखाँ १९५० सालीं वारले, आणि पुढें केसरबाईंनीं धोंडूताईंस आपल्यापाशीं घेऊन शिकविलें. आठ वर्षांची मुलगी जेथें शिकावयास आली होती, त्या गांवची मुलगी साठ वर्षांनंतर तिच्या दारीं शिकावयास गेली. आमच्या गांवास हें ठाऊक असावयास हवें होतें. ठाऊक होतें तें भांडण.

आणि गाणें? केसरबाईंची ललताची जुनी तबकडी आज कोणासही ऐकावयास मिळते. साडेतीन मिनिटांच्या आंतबाहेरचा काळ. रुंद, भरदार, उघडा आकार. एकही स्वर दांतांआड दबलेला नाहीं. तान सुरू होते ती लयीच्या अंगानें वळत जाते, मध्यें कोठें तुटेल असें वाटतें, आणि श्वास कोठें घेतला तें न कळतां ती समेवर येऊन विसांवते. आवाज उतरेपर्यंत त्या गात राहिल्या नाहींत. १९६४ च्या सुमारास त्यांनीं मैफली थांबविल्या. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत अमेरिकेनें सोडलेल्या दोन 'व्हॉयेजर' यानांवर जगांतील निवडक संगीताची तबकडी होती, व तींत हिंदुस्थानचें म्हणून केसरबाईंची भैरवी होती. दुसरें यान सुटल्यावर अकरा दिवसांनीं, १६ सप्टेंबरास, बाई वारल्या. हीही आतां एक आख्यायिकाच होऊन बसली आहे. पण ती निदान गाण्याची तरी आहे.

गेल्या वर्षीं त्याच सभेचें आम्हांस पुन्हां बोलावणें आलें. या खेपेस आम्हीं वीस मिनिटेंच बोललों, आणि उरलेला वेळ ललत, नंद व गौडमल्हार यांच्या तबकड्या ऐकविल्या. मध्यंतरीं कांहीं मंडळी उठून गेली. त्या वृद्ध बाई कोठें दिसतात का, म्हणून आम्हीं दोनतीनदां रांगांवरून नजर फिरविली. त्या आल्या नव्हत्या.