चिरनेरच्या काळातला झेंडा

१९३० च्या कायदेभंगात देशभर जो झेंडा मिरवला जात होता, तो आजचा तिरंगा नव्हता. त्यात वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली तांबडा पट्टा होता. तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला मोठा चरखा होता. भगवा रंग त्यात नव्हता. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, तेव्हाच्या पनवेल तालुक्यातल्या (आता उरण तालुक्यातल्या) चिरनेर गावी अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला. मिठागरांचा सत्याग्रह किनाऱ्यावरचा. डोंगराकडच्या गावांना सरकारचा जाच सोसावा लागत होता तो जंगलकायद्याचा. लाकूडफाटा आणि चराई हे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क त्या कायद्याने हिरावले होते. आगरी, कोळी, कातकरी अशी आसपासच्या गावांतली माणसे जमली आणि पोलिसांनी गोळीबार केला. नाग्या कातकरी यांच्यासह आठ जण हुतात्मे झाले. पनवेलचे मामलेदार जोशी हेही त्या गोळीबारात मरण पावले.

या झेंड्याचा आराखडा १९२१ साली बेझवाड्याच्या काँग्रेस बैठकीच्या वेळी पिंगली वेंकय्यांनी गांधीजींपुढे ठेवला. तांबडा रंग हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा होता. चरख्याची सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची. उरलेल्या सर्व समाजांसाठी पांढरा पट्टा गांधीजींनी सुचवला. पट्ट्यांच्या क्रमातही अर्थ होता. संख्येने सर्वांत लहान गट वर आणि सर्वांत मोठा तळाला, म्हणजे बळकटाने दुबळ्याला आधार द्यावा. कल्पना उदात्त होती, पण रंगांची जमातवार वाटणी हाच तिचा कच्चा दुवा ठरला. आपला रंग कुठे, असे विचारणारे समाज पुढे आले. तरीही या झेंड्यासाठी लोकांनी तुरुंग पत्करले. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात जमनालाल बजाज आणि विनोबा भावे यांना शिक्षा झाल्या.

१९३१ च्या कराची अधिवेशनानंतर सात जणांची समिती नेमली गेली. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर तिचे एक सदस्य होते. समितीने सबंध केशरी झेंडा आणि त्यावर एका कोपऱ्यात चरखा सुचवला. काँग्रेसने ते नाकारले. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा आणि मधल्या पट्टीवर निळा चरखा असा झेंडा ठरला. रंगांना जमातींचा अर्थ नाही, हेही स्पष्ट केले गेले: केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांततेचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. चिरनेरच्या गोळीबाराला तेव्हा वर्षही झाले नव्हते. झेंड्याच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच म्हणावा लागेल, कारण रंग समाजांचे न राहता गुणांचे झाले.

२२ जुलै १९४७ ला संविधान सभेने चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चोवीस आऱ्यांचे चक्र स्वीकारले. चरखा एका बाजूने नीट आणि दुसऱ्या बाजूने उलटा दिसे. चक्र दोन्हीकडून सारखेच दिसते. झेंड्याची लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण ३:२ असते. राष्ट्रध्वजाची खादी विणणाऱ्या मोजक्या केंद्रांत नांदेडही आहे.

चिरनेरला दर २५ सप्टेंबरला हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. ती देतात पोलीसच, बंदुकीच्या फैरी हवेत झाडून.