तिरफळ की चिरफळ?
बांगड्याच्या तिखल्यासाठी मुलुंडमध्ये तिरफळं शोधत होते. एका दुकानदाराने त्रिफळा चूर्ण पुढे केलं. नावं तशी कानाला जुळीच. पण त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा नि आवळा. तिरफळ मात्र एकाच काटेरी झाडाचं फळ, लिंबाच्या कुळातलं, चिनी सिचुआन मिरीचं भावंड.

कोकणात त्याला चिरफळही म्हणतात. मला हेच रूप अर्थाच्या जवळचं वाटतं: वाळताना फळ चिरतं, आत काळीभोर बी चकाकते. ती काढून टाकायची, कारण सगळा वास सालीत. साल चावली तर जीभ बधिरते, म्हणून कालवणात ठेचून घालायची, जेवताना बाजूला सारायची.

शेवटी बोरिवलीत एका मालवणी दुकानात मूठभर मिळाली. पुडी उघडली आणि आजीचं स्वयंपाकघर दरवळलं.